कलेक्टर साहेब आणि मेश्राम मॅडम

इंटरव्ह्यूमध्ये मेश्राम मॅडमनी मला पहिला प्रश्न विचारला तो रद्दीचा. समोर कंपनीचे मॅनेजर गुलाटी सर माझा सीव्ही चाळत होते आणि मी पाठ केलेल्या व्याख्या जिभेवर तयार ठेवून बसले होते. त्यांच्या शेजारी करड्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हिंदीत विचारलं, तुमच्या घरी कबाडीवाला येतो तेव्हा त्याला काय द्यायचं हे कोण ठरवतं?

क्षणभर वाटलं, हा प्रश्न दुसऱ्या कुणासाठी आहे. मग मी म्हणाले, बाबा. कसं ठरवतात, हा पुढचा प्रश्न. आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरखाली रविवारी कबाडीवाल्याची हाक आली की बाबा बाल्कनीतला ढीग उचलून दारात आणायचे आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, यातलं कुणाला काही हवंय का. ज्याचं उत्तर येई त्याची वस्तू राही, बाकीचं तराजूत. हे मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुझं कधी काही गेलं का त्यात. मी म्हणाले, चित्रांची वही गेली. मी आतल्या खोलीतच होते, बाबांचा आवाजही ऐकला होता, पण काही बोलले नाही.

"काहून?" त्या एकदम मराठीवर आल्या. माझं आडनाव त्यांनी वाचलं असणार.

हा शब्द मला माहीत नव्हता, पण 'का' असं विचारतायत हा रोख कळला. "मला वाटलं, ती माझी आहे हे त्यांना माहीतच असेल."

मॅडमनी चष्मा पुन्हा नाकावर आणला आणि गुलाटी सरांकडे वळून म्हणाल्या, "सर, इसको ले लीजिए। बीमारी इसको पता है, दवा मैं सिखा दूँगी।"

त्या कोणत्या आजाराबद्दल बोलत होत्या, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. नोएडाच्या आमच्या लहानशा कंपनीत रक्तपेढ्यांसाठी एक डबा बनतो. तो रक्ताच्या फ्रिजला लावायचा. आतली थंडी कमी झाली, दार उघडं राहिलं किंवा वीज गेली, तर त्याने घंटा वाजवायची आणि ड्यूटीवरच्या माणसाला फोन लावायचा. या डब्याच्या पोटात कॉम्प्युटरच्या दोन भाषा राहतात. खाली सी. ती जुनी, वेगवान आणि कडक. तिच्यात मेमरीतली जागा आपण मागायची आणि काम झालं की आपणच परत करायची. तिच्यावर दुसरी एक सोपी भाषा बसवली आहे, म्हणजे रक्तपेढीतल्या तंत्रज्ञालाही आपले नियम स्वतः लिहिता यावेत. वरच्या भाषेत परत करायची कटकट नाही. तिथे एक कलेक्टर, म्हणजे नको ते गोळा करणारा, असतो. तो मधूनमधून फेरी मारतो, प्रत्येक वस्तूपाशी थांबून बघतो की हिला कुणी धरलंय का, आणि जिला कुणी धरलेलं दिसत नाही ती उचलून फेकून देतो.

भानगड होते ती दोन भाषांच्या मध्ये. खालच्या सीने वरची एखादी वस्तू मुठीत घेतली, तरी कलेक्टरला सीची मूठ दिसत नाही. त्याच्याकडे वेगळी नोंद करावी लागते, की ही आम्ही धरली आहे. नोंद करायची राहिली तर तो ती वस्तू नेतो, आणि सी रिकाम्या मुठीवर विसंबून बसते. त्या क्षणी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते पुढे कधीतरी, मूठ उघडायची वेळ येते तेव्हा. या दोन भाषांना जोडणारा भाग, ज्याला आम्ही पूल म्हणतो, मेश्राम मॅडमनी लिहिला होता. तेव्हा कंपनी एका बेसमेंटमध्ये होती आणि पावसाळ्यात कॉम्प्युटर टेबलावर चढवून ठेवावे लागत, असं त्या सांगायच्या.

मॅडम मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याची केंद्र सरकारातली बदली दिल्लीला झाली म्हणून आल्या आणि गाझियाबादला घर घेऊन राहिल्या. रोज स्कूटरवरून ऑफिसला यायच्या. हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं की त्यात चाव्या, रुमाल, फोन असं सगळं जायचं. दिवसभर ते हेल्मेट परडीसारखं त्यांच्याजवळ असायचं. फोनवर त्या इतक्या मोठ्याने बोलायच्या की त्यांच्या बहिणीच्या गुडघेदुखीची प्रगती पूर्ण मजल्याला ठाऊक होती. ऑफिसात हिंदी, माझ्याशी मराठी, आणि कोड वाचताना तिसरीच एक भाषा, जिच्यात सगळ्या निर्जीव वस्तू माणसांसारख्या वागायच्या.

अंकुर म्हणून आमचा एक सहकारी आहे, हॉस्पिटलांचे फोन तो घेतो. बोलका आणि मनाने बरा. त्याने एकदा चहाच्या वेळी कलेक्टरला "अपना जमादार" म्हटलं. दिल्लीत झाडूवाल्याला तसं म्हणतात, आणि म्हणताना अनेकांचा आवाज जसा होतो तसाच अंकुरचाही झाला. मॅडमनी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या की या मशीनमध्ये नियमाने वागणारा तो एकटाच आहे. तुझी वस्तू हरवते ती तू सांगितलं नाहीस म्हणून, आणि नाव त्याचं घेतोस. "आमच्याकडे कलेक्टरला साहेब म्हणतात. तूही साहेब म्हण."

सगळे हसले. अंकुरही हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात कलेक्टर साहेब हेच नाव पडलं, आणि नवीन येणाऱ्याला ते गमतीचं वाटतं. मी मात्र मॅडमचा तो कप खाली ठेवणारा हात पाहिला होता. दरवर्षी एप्रिलमध्ये जयंतीला त्या सुट्टी घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी मिठाईचा मोठा डबा आणायच्या. तो डबा गुलाटी सरांच्या केबिनमध्ये जायच्या आधी आमच्या मजल्याची सफाई करणाऱ्या दीदींपुढे उघडला जायचा. यावर कधी कुणी काही बोललं नाही, त्याही बोलल्या नाहीत.

शिकवायची त्यांची पद्धत एकच. शेजारी खुर्ची ओढायची, तुम्ही लिहिलेली ओळ बोटाने दाखवायची आणि विचारायचं, ही आता कुणाच्या हातात आहे? मग पुढची ओळ. आता कुणाच्या? साहेब आत्ता आले तर त्यांना दिसते का? उत्तर देता आलं नाही तर बोट तिथेच. मला बोलायला वेळ लागतो. शाळेत, कॉलेजात माझं उत्तर तयार होईपर्यंत दुसऱ्या कुणाचं तरी येऊन गेलेलं असायचं. मॅडम बोट न हलवता थांबायच्या, हेल्मेटमधून रुमाल काढून चष्मा पुसायच्या, पण दुसऱ्या कुणाला विचारायच्या नाहीत. पुढे पुढे मला कळलं की हा त्यांचा संयम नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं असायचं.

त्यांची वाक्यं ऑफिसात चलनी होती. एखादा बिघाड शोधायला म्हणून कोडमध्ये, आत काय चाललंय ते पडद्यावर छापायची ओळ टाकली की तो बिघाड गायब होतो, हा सगळ्यांचा अनुभव. मॅडम म्हणायच्या, "पाहुणे आले की पोरं कशी शहाण्यासारखी बसतात, तसं आहे हे. पाहुणे गेले की बघा." कुणी म्हणालं की अमुक भाग कधीपासून नीट चालतोय, तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "चालून राहिलं ना? म्हणजे अजून सापडलं नाही, एवढंच."

आणि त्यांची एक मोड होती, म्हणजे कोड तपासायची एक रीत. तिला त्या झाडू मोड म्हणायच्या. एरवी कलेक्टर साहेब अधूनमधून फेरी मारतात. या मोडमध्ये ते पावलापावलावर मारतात. कुणी काहीही नवीन उचललं की साहेब हजर. कोड इतका हळू चालतो की बघणाऱ्याला कंटाळा येतो, पण नोंदीत जराशीही हयगय असेल तर ती लगेच उघडी पडते. एरवी जो बिघाड महिन्यातून एकदा यायचा तो इथे पहिल्या मिनिटाला येतो. झाडू मोडमधून निघाल्याशिवाय कुणाचंही काम डब्यात जायचं नाही, हा मॅडमचा नियम. तिथे त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. गुलाटी सर डिलिव्हरीच्या तारखा सांगत राहायचे, मॅडम मान डोलवायच्या आणि झाडू चालूच ठेवायच्या.

त्यांना दोष नव्हते असं नाही. पुलाच्या फाइलला त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. एकदा अंकुरने त्यातली एक कमेंट सुधारली, फक्त स्पेलिंग, तर ती पुन्हा पहिल्यासारखी करून दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. चूक दाखवायच्या ती सगळ्यांसमोर, आणि समोरच्याचा चेहरा उतरला तर त्यांना ते दिसतच नसे. मी पहिल्या महिन्यात बाथरूममध्ये जाऊन रडले आहे.

माझं प्रोबेशन संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी दाराचं काम केलं होतं. फ्रिजचं दार उघडलं की त्या वेळेपुरता एक नियम तयार व्हायचा, की दार ठरलेल्या वेळात लागलं नाही तर घंटा वाजव. दार लागलं की नियमाचं काम संपलं. आधीचे नियम तसे नव्हते. ते फाइलच्या माथ्यावर लिहिलेले असायचे आणि डबा चालू असेपर्यंत तिथेच बसून राहायचे. माझा नियम गरजेला जन्मणारा होता. मॅन्युअलमध्ये तसं करायला परवानगी होती, उदाहरणसुद्धा दिलं होतं. माझं काम झाडू मोडमधून निघालं. मॅडम "ठीक" म्हणाल्या, जे त्या क्वचित म्हणायच्या.

तो डबा एका रक्तपेढीत चाचणीसाठी लावला. तिथल्या तंत्रज्ञाने दार मुद्दाम उघडं ठेवलं. घंटा वाजायची वेळ आली, आणि ती वाजायच्या ऐवजी डबा बंद पडून पुन्हा सुरू झाला. तो समोरच उभा होता म्हणून त्याने दार लावलं. रक्ताला काही झालं नाही. पण ज्या वेळी घंटा वाजायला हवी नेमकी त्याच वेळी आमचा डबा झोपला, हे त्याने रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलं. त्या रक्तपेढीची मोठी ऑर्डर यायची होती.

मीटिंग झाली. गुलाटी सरांचं म्हणणं साधं होतं आणि ऐकणाऱ्या कुणालाही पटेल असंच होतं. इतकी वर्षं डबा चालत होता, नवीन दार आलं आणि बंद पडला. मग चूक कुठे आहे? त्यांनी मला विचारलं, टेस्ट केलं होतं का. मी हो म्हणाले. ते बहुतेक कुणाला ऐकू गेलं नाही, कारण त्यांनी पुन्हा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले की माझ्या कन्फर्मेशनचा विचार ते सोमवारी करतील. अंकुरने छापायची एक ओळ टाकून पाहिली होती आणि बिघाड नाहीसा झाला होता. तो म्हणाला, ती ओळ तशीच ठेवून डबा पाठवून देऊ. मॅडमनी ते उडवून लावलं. मग गुलाटी सरच म्हणाले, असं असेल तर कलेक्टरच बंद करून टाकू. कुणी काही फेकणारच नाही, तर हरवेल कसं?

"हो सर," मॅडम म्हणाल्या. "घरात झाडू मारणंच बंद केलं तर अंगठी केरात जायची नाही. पण मग काही दिवसांनी त्या घरात राहायचं कुणी?"

बाहेर आल्यावर मला वाटलं, त्या माझ्यासाठी काही बोलतील. मी मनात आशा धरून त्यांच्या मागेमागे त्यांच्या टेबलापर्यंत गेले. त्यांनी हेल्मेट बाजूला केलं, मला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "केतकी, मी तुझी बाजू घेणार नाही. बाजू नंतर. आधी वस्तू कुणाच्या हातात होती ते बघू."

पुढचे दोन दिवस आम्ही माझी प्रत्येक ओळ वाचली. बोट ओळीवर, प्रश्न तोच. प्रत्येक उत्तरात वस्तू कुणाच्या तरी हातात होती. शेवटची ओळ नियम पुलाकडे सोपवायची. "इथून पुढे पुलाच्या हातात," मी म्हणायचे, आणि मॅडम मान हलवून पुन्हा पहिल्या ओळीवर जायच्या. माझं काम झाडू मोडमधून दोनदा पुन्हा काढलं, दोन्ही वेळा निर्दोष निघालं. मला वाटायला लागलं होतं की माझं काहीतरी असं चुकलंय जे कुणालाच दिसत नाही. घरी मी काही सांगितलं नाही. आई विचारत होती, कन्फर्म झालीस की मावशीला कळवायचं आहे.

शुक्रवारी मी एकटीच झाडू मोडची सेटिंग वाचत बसले होते. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. त्यात एक ओळ होती, की अमुक फाइलमध्ये झाडू मारू नये. ती फाइल पुलाची होती.

मी ती ओळ कितीतरी वेळ बघत बसले. ज्या फाइलच्या हातात माझा नियम जात होता तिथे साहेबांना पावलापावलावर जायला मनाई होती. आणि ती मनाई करू शकेल असं माणूस आमच्या कंपनीत एकच होतं. माझी नोकरी त्या ओळीत होती हे मला समजत होतं. पण ते मॅडमना सांगायचं म्हणजे काय, हेही समजत होतं. अंकुरच्या स्पेलिंगचा दिवस मला आठवला. मला कुणाची चूक दाखवायची सवय नाही. मला माझी वही मागायची सवय नाही.

त्या जेवत होत्या. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यापाशी उभी राहिले आणि विचारलं, "मॅडम, ही फाइल का वगळली आहे?"

त्यांनी वाचलं. हातातला घास जेवणाच्या डब्यात ठेवला, बोटं पुसली आणि पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "मी वगळली," त्या म्हणाल्या. पुलावर झाडू लावला की सगळं इतकं संथ व्हायचं की डब्यातलं पहाऱ्याचं घड्याळ समजायचं, डबा मेला; आणि ते त्याला पुन्हा सुरू करायचं. म्हणून त्यांनी थोड्या दिवसांसाठी पूल वगळला होता. घड्याळाचं काहीतरी करू आणि मग परत लावू, असं ठरवून.

"मग?"

"मग काय बाप्पा. फाइल माझी होती. माझ्या फाइलमध्ये काय निघणार आहे?"

जेवण तसंच टाकून आम्ही खालच्या लॅबमध्ये गेलो. मॅडमनी पहाऱ्याचं घड्याळ बंद केलं, ती वगळणारी ओळ काढली आणि डबा लॅबमधल्या लहान फ्रिजला लावला, ज्यात सगळ्यांचं दही आणि कोल्ड्रिंक असतं. डबा सुरू व्हायलाच इतका वेळ लागला की अंकुर दोनदा येऊन बघून गेला. मग त्यांनी मला फ्रिजचं दार उघडायला सांगितलं. मी उघडलं. दह्याचा वास आला. आम्ही घंटेची वाट बघत उभ्या राहिलो, आणि वेळ भरली तेव्हा डबा जागच्या जागी बंद पडला. पहिल्याच खेपेला.

ओळ शोधायला त्यांना जराही वेळ लागला नाही. पूल नियम घ्यायचा, त्याचा पत्ता आपल्या कप्प्यात लिहून ठेवायचा, आणि साहेबांकडे नोंद करायची राहून गेली होती. जे त्या येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवायच्या, तेच. जुने नियम फाइलच्या माथ्यावर बसलेले असत. त्यांना तिथे धरलेलं असायचं म्हणून ते वाचत होते. पुलाने धरलेलं नाही हे त्यामुळे कुणाला कळायचं कारणच पडलं नाही. माझ्या नियमाला दुसरीकडे कुठे आधार नव्हता. तो पुलाच्या भरवशावर होता.

मॅडम स्टुलावर बसल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, की हे कुणाचंही होऊ शकतं.

"कुणाचंही नाही झालं ना पोरी," त्या म्हणाल्या. "माझं झालं."

दुरुस्ती एका ओळीची होती. अंकुरने ती पाहिली आणि दार लावून घेऊन, आवाज खाली आणून, मॅडमना एक गोष्ट समजावली. खरं तर तो त्यांच्या भल्याचंच सांगत होता. मॅडम रिटायरमेंटनंतर कॉन्ट्रॅक्टवर होत्या आणि त्याच महिन्यात कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते ठरणार होतं. ही ओळ आजच गुपचूप आत घालू, रिपोर्टमध्ये लिहू की नवीन दारात सुधारणा केली, विषय संपेल. केतकीलाही सर समजून घेतील, शिकाऊ आहे, एक चूक माफ. मॅडम ऐकत होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते. मला खरंच माहीत नव्हतं की त्या काय म्हणतील. माझ्या माथी एक लहान चूक आणि त्यांची नोकरी, असा हिशोब असेल तर मी काय म्हटलं असतं, तेही माहीत नव्हतं.

त्यांनी अंकुरला विचारलं, जुने डबे किती ठिकाणी लागलेत, आणि त्यातल्या एखाद्या तंत्रज्ञाने उद्या केतकीसारखा नियम लिहिला तर? मॅन्युअलमध्ये उदाहरण आहे. कुणीही लिहील. अंकुरने लावलेलं दार पुन्हा उघडलं.

सोमवारी मीटिंगमध्ये गुलाटी सरांनी माझ्या नावाने सुरुवात केली, तेव्हा मॅडमनी त्यांना थांबवलं. उभ्या राहिल्या नाहीत, आवाज चढवला नाही. फोनवर बहिणीशी बोलायच्या त्याहून हळूच बोलल्या. "सर, ये लड़की पुल पर ठीक ही चल रही थी। पुल मैंने कच्चा बनाया था। और जाँच में से अपनी फ़ाइल मैंने ही निकाल रखी थी।" मग त्यांनी सांगितलं, की ज्या ज्या रक्तपेढीत आमचा डबा आहे त्या सगळ्यांना आजच कळवायला हवं आणि दुरुस्ती पाठवायला हवी.

गुलाटी सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी पेन मिटून ठेवलं. मग म्हणाले, मॅडम, हे लेखी गेलं तर वरच्या लोकांना उत्तर मला द्यावं लागेल, आणि तुमच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल मग मला काही बोलता येणार नाही. विचार करून सांगा. मॅडम म्हणाल्या, विचार शुक्रवारी झाला.

सगळीकडे कळवलं गेलं. ऑर्डर थोडी उशिरा आली, पण आली. रिपोर्ट लिहिणाऱ्या त्या तंत्रज्ञाने फोन करून अंकुरला म्हटलं, की आपणहून चूक सांगणारी कंपनी त्याने पहिल्यांदा पाहिली. मी कन्फर्म झाले. आईने मावशीला कळवलं. मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. कारण बजेटचं दिलं गेलं आणि कदाचित ते खरंही असेल.

शेवटच्या दिवशी समोसे आले, भाषणं झाली. त्यांनी पुलाची फाइल माझ्या नावावर केली, त्यातली प्रत्येक ओळ मला पुन्हा वाचायला लावली आणि स्पेलिंगची ती कमेंट अंकुरच्या हाताने सुधारून घेतली. जाताना लिफ्टपाशी म्हणाल्या, नवीन मुलं येतील, त्यांना ही गोष्ट सांगशील ना. मी म्हणाले, सांगेन, तुमचं नाव नाही घेणार.

त्या भडकल्या. इतक्या दिवसांत माझ्यावर तेव्हाच. "काहून नाही घेणार? नाव नाही घेतलं तर पोरं समजतील, होता कुणी अडाणी. म्हणतील, आपल्याकडून थोडीच होणार आहे. माझं नाव घे. मी काय काय केलं तेही सांग, आणि मग ही चूक सांग. तेव्हा घाबरतील."

नवरा निवृत्त झाला होता. ती दोघं नागपूरला परत गेली. आता त्या तिथे एका कॉलेजात शिकवतात. गेल्या महिन्यात आमच्याकडे नवीन बॅच आली आणि गुलाटी सरांनी पुलाचा तास मला घ्यायला सांगितला. खोलीभर माणसांसमोर बोलायचं होतं. मी "एका सीनियर इंजिनिअरकडून" अशी सुरुवात केली, आणि मागून कुणीतरी हसत विचारलं, कौन था ये जीनियस? मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. मग मी थांबले आणि सांगितलं: सुनंदा मेश्राम. हा पूल त्यांनी बांधला. झाडू मोड त्यांची. तुम्ही सगळे ज्याला साहेब म्हणता ते नाव त्यांनी दिलं. आणि ही ओळ त्यांच्याकडून राहिली, कारण आपली फाइल त्यांनी झाडूतून वगळली होती. कुणी हसलं नाही. पुढे बसलेल्या एका मुलीने पेन खाली ठेवून विचारलं, मॅम, आणि तशी तुमची फाइल कुठली?

त्या संध्याकाळी मी मेट्रोतून उतरून घराकडे चालताना मॅडमना फोन लावला.

"घेतलं नाव?" त्यांनी विचारलं.

"घेतलं."

"हसले?"

"आधी हसले. मग एकीने माझी फाइल मागितली."

"दिलीस?"

"तिथेच सगळ्यांसमोर झाडूखाली घातली."

"मग?"

"निघाली त्यात एक चूक."

पलीकडे त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मागे कुणीतरी, त्यांचे यजमान असावेत, काय झालं म्हणून विचारत होते. हसू थांबल्यावर त्यांनी माझ्याकडून ती ओळ तोंडी वदवून घेतली, वस्तू कुणाच्या हातात होती ते विचारलं, मी सांगेपर्यंत थांबल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पुढच्या बॅचला दोन नावं सांग."